हिमालयाची सॅक कशी भरावी?

सह्याद्रीतील गड-किल्ले पालथे घालणाऱ्या मुलांना पुढे हिमालय खुणावू लागतो. तेथे जायचे ठरले, की घरातील वडील मंडळी सांगतात, "चांगला जाडजूड स्वेटर घे." हा सल्ला मायेचा खरा, पण शास्त्राच्या कसोटीवर तो उतरतो का, ते आपण पाहू.

उदाहरणादाखल हिमाचल प्रदेशातील हम्प्ता खिंड घेऊ. तिची उंची सुमारे ४२७० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या (१६४६ मीटर) अडीचपटीहून अधिक. उंचीबरोबर हवेचे तापमान दर १००० मीटरला सरासरी ६.५° सेल्सिअसने उतरते. मनाली सुमारे २००० मीटर उंचीवर आहे. तेथे दुपारी २०° तापमान असेल, तर त्याच वेळी खिंडीत ते ५° च्या आसपास असणार. शिवाय खिंडीच्या एका बाजूस कुलूचे हिरवे, पावसाळी खोरे, तर दुसऱ्या बाजूस लाहौलचा रुक्ष प्रदेश. महाबळेश्वर आणि वाई यांच्या पावसात जसा फरक, तसाच हा प्रकार. एकाच सॅकने पाऊस, वारा आणि थंडी या तिघांनाही तोंड द्यायचे आहे.

ऊब कोठून येते?

स्वेटर स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. उष्णता निर्माण होते ती आपल्या शरीरात. कपडा फक्त तिला बाहेर जाण्यास अडथळा करतो. हा अडथळा मुख्यतः धाग्यांच्या जाळ्यात अडकलेल्या स्थिर हवेचा असतो, कारण हवा ही उष्णतेची मंदवाहक आहे. एका जाड कपड्याऐवजी तीन-चार पातळ कपडे घातले, तर प्रत्येक दोन थरांमध्येही हवा कोंडली जाते. त्याहून मोठा फायदा म्हणजे थर कमी-जास्त करता येतात.

चढताना स्नायू भरपूर उष्णता निर्माण करतात. तेव्हा जाड स्वेटर अंगात असेल तर घाम येतो आणि आतले कपडे भिजतात. मग विश्रांतीला थांबले, की तोच घाम वाळताना प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषून घेतो. म्हणून घाम येण्यापूर्वीच एक थर उतरवावा आणि थांबल्याबरोबर पुन्हा चढवावा.

खरा शत्रू ओलावा

पाणी हे हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट अधिक उष्णतावाहक आहे. सुती बनियन किंवा जीन्स भिजली, की धाग्यांमधील हवेची जागा पाणी घेते आणि ऊब नाहीशी होते. लोकरीचे तसे नाही. आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के बाष्प शोषूनही ती हाताला ओली लागत नाही. आपला धनगर भर पावसात घोंगडी पांघरतो आणि हिमाचलातील गद्दी मेंढपाळ लोकरी चोळा वापरतो, त्यामागे हेच विज्ञान आहे. पॉलिएस्टरचा धागा पाणी फारसे शोषत नाही, म्हणून तो लवकर वाळतो. पिसांचे जाकीट कोरडे असेतो वजनाच्या मानाने सर्वांत उबदार. पण भिजले, की पिसांचे गोळे होतात.

हा विषय केवळ सोयीचा नाही. शरीराचे तापमान ३५° च्या खाली गेले, की त्या अवस्थेला हायपोथर्मिया म्हणतात. थरथर सुटते, बोलणे अडखळते, विचार गोंधळतात. त्याला बर्फच लागतो असे नाही. ५° तापमान, पाऊस आणि वारा एवढे पुरते. म्हणून सर्वांत बाहेरचा थर वारा व पाणी अडवणारा हवा.

करून पाहा

तीन सारख्या बाटल्यांत सारखेच गरम पाणी (सुमारे ६०°) भरा. पहिलीवर कोरडा सुती मोजा, दुसरीवर ओला मोजा, तिसरीवर ओला मोजा व त्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवा. तिन्ही पंख्यासमोर ठेवा. दर पाच मिनिटांनी तापमान घेऊन आलेख काढा.

सॅक भरताना

- एकूण वजन शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा शक्यतो अधिक नसावे.
- झोपण्याची पिशवी तळाशी. शिधा व इतर जड वस्तू खांद्यांच्या मध्ये, पाठीलगत. जड वस्तू पाठीपासून दूर गेली, की तरफेच्या नियमाने ती तुम्हाला मागे खेचते.
- कमरेचा पट्टा आवळा, म्हणजे खांद्यांवरचा बराच भार कमरेवर येतो.
- सॅकच्या आत मोठी प्लॅस्टिकची पिशवी घालून त्यातच कपडे भरा. एक कोरडा जोड केवळ झोपण्यासाठी राखून ठेवा.
- खाली अंथरायची मॅट विसरू नका. अंगाच्या वजनाने झोपण्याच्या पिशवीतील हवा दबते आणि जमीन उष्णता ओढून घेते.
- गॉगल हवाच. दर १००० मीटरला अतिनील किरण सुमारे १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतील ८० टक्क्यांपर्यंत परावर्तित करतो. उघड्या डोळ्यांना त्यामुळे हिमांधत्व येऊ शकते.

सॅक कितीही उत्तम भरली, तरी विरळ हवेवर तिच्यात उपाय नाही. खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असतो. त्याची सवय होण्यास शरीराला काही दिवस द्यावे लागतात. म्हणून चढाई सावकाश करावी. डोके दुखून उलट्या होऊ लागल्या तर आणखी वर न जाता मार्गदर्शकाला लगेच सांगावे, आणि त्रास वाढला तर खाली उतरावे.

विचार करा

१. प्रयोगातील तिसरी बाटली दुसरीपेक्षा सावकाश का निवते?
२. थंडीत बॅटरीचे सेल लवकर मंदावतात. मग रात्री ते कोठे ठेवाल?
३. हम्प्ता खिंडीत पाणी सुमारे ८६° ला उकळते. तेथे डाळ शिजण्यास वेळ का लागतो? शिधा निवडताना हे कसे ध्यानात घ्याल?