खेळता खेळता

गेल्या चातुर्मासात आमच्याच घरी घडलेली गोष्ट सांगतो. आमचा नातू चार वर्षांचा. हरिपाठाचे पाच अभंग त्याच्याकडून पाठ करवून घेतले होते. पाहुणे आले की त्याला पाटावर उभा करायचा, पाहुण्यांनी "वा बुवा!" म्हणायचे आणि आम्ही सुखावायचे. एके दिवशी हरिपाठाची वेळ झाली तर पोर कणगीमागे दडून बसले. पुढे आठ दिवस, टाळ वाजला की तेच. चूक त्याची नव्हती, आमच्या मिरवण्याची होती.

मग म्हणायला सांगणेच बंद केले. फक्त टाळ त्याच्या हाताशी ठेवला. पहिल्या दिवशी त्याने तो नुसता आपटला. कान किटले, पण आम्ही गप्प राहिलो. दोन-तीन दिवसांनी धावत आला, "आजोबा, मुठीत धरला की हा मुका होतो, दोरी धरली की बोलतो!" हे त्याला कोणी शिकवले नव्हते. आता टाळ धरून आमच्यात बसतो. अभंग म्हणतो तोही अर्धा, मनाला येईल तिथून. असू दे.

तुकोबारायांच्या गाथेत विटीदांडू, चेंडूफळी, टिपरी, फुगडी, हुतूतू हे खेळच अभंगांचे विषय झाले आहेत. आपण ते वाचतो, त्यांचा परमार्थ सांगतो, आणि घरचे पोर अंगणात खेळू लागले की "बस अभ्यासाला" म्हणून ओरडतो!

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस व पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर हेच ओळखले. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणात शाळा भरली. साधने कोणती? शिंपले, बिया, खडे, पाने. विकतचे फारसे काही नाही.

मग आपल्या घरात काय कमी आहे? दशमीच्या रात्री साबुदाणा भिजवताना वाटीने मुलाकडून मोजून घ्यावा आणि सकाळी तोच दाखवावा, "एवढा कसा झाला?" हा प्रश्न तेच विचारील. सुपात मूग, मटकी, हरभरा मिसळून निवडायला द्यावे. (तीन वर्षांखालचे मूल असेल तर दाणे त्याच्यापुढे ठेवूच नयेत, नाकात जातात, घशात अडकतात.) एकादशीपासून पुनवेपर्यंत रोज चंद्र दाखवावा. तुळशीला पाणी घालताना लहान तांब्या त्याच्या हाती द्यावा. सांडेल. सांडू द्यावे, पुसायला फडकेही त्यालाच द्यावे.

"पण पाटी-पेन्सिल केव्हा?" असे आयाबाया विचारतात. शेंगा सोलणारी, कणकेच्या गोळ्या वळणारी, रांगोळीचे ठिपके देणारी बोटे पेन्सिलीसाठीच तयार होत असतात. घाई कसली?

परवा नातवाने अंगणात रिंगण मांडले. स्वतः पताका घेतली आणि आम्हांस माउलींचा अश्व केले. दोन फेऱ्यांतच गुडघे बोलू लागले, म्हणून ओट्यावर टेकलो. तो पताका रोवून उभा राहिला नि म्हणाला, "आजोबा, अश्व बसत नसतो!"