पिस्तूल घ्यावं की रिव्हॉल्व्हर

ओरोसच्या जिल्हाधिकारी कचेरीत शस्त्र परवान्याचा अर्ज देऊन झाला, की आमच्या भागातला माणूस माझ्या पडवीत येऊन बसतो. फौजेत मी आर्मरर होतो. शस्त्रं उघडायची, तपासायची, दुरुस्त करायची आणि पुन्हा जवानाच्या हातात द्यायची, यात माझी नोकरी गेली. निवृत्तीनंतर मालवण तालुक्यातल्या घरी आलो, त्याला बरीच वर्षं झाली. पण प्रश्न अजून तोच येतो. ‘काका, खरा सांगा, पिस्तूल घेव की रिव्हॉल्वर?’

विचारणारे हौशी नसतात. कुणी सराफ असतो, कुणी आंब्याच्या हंगामात रोकड घेऊन रात्री घरी येणारा व्यापारी, कुणाचा पेट्रोल पंप असतो. कधी वाडीपासून लांब, कलमांच्या बागेत राहणारं वयस्कर जोडपं येतं. मुलं मुंबईला असतात आणि रात्री कुत्रं भुंकलं की दोघं उठून बसतात. त्यांची भीती खरी आहे आणि मी ती कधी हसण्यावारी नेत नाही.

मात्र ही मंडळी विचारतात ते गोळ्या किती बसतात, लांब किती जाते, परदेशी चांगलं की कानपूरचं. हे शस्त्र वर्षभर कुठे पडून असणार आणि त्या घरात कोण कोण वावरणार, हे कुणी विचारत नाही. माझं उत्तर तिथूनच सुरू होतं. स्वसंरक्षणासाठी घेतलेलं बहुतेक शस्त्र आयुष्यात एकदाही शत्रूवर चालत नाही. ते कपाटात असतं, त्याच घरात नातवंडं खेळतात, पाहुणे येतात, चतुर्थीला चाकरमान्यांनी घर भरतं. म्हणून हल्ल्याच्या एका क्षणापेक्षा मी या पडून राहण्याच्या काळाचा विचार जास्त करतो.

कायद्याने काय मिळतं ते आधी पाहू. पोलिसांच्या कमरेला दिसतं ते ९ मिलिमीटरचं पिस्तूल सामान्य नागरिकाला मिळत नाही, ती बोअर प्रतिबंधित आहे. आपल्यासाठी मुख्यतः .३२ बोअर. त्यात रिव्हॉल्व्हर आहे आणि पिस्तूलही. दोघांवर ‘.३२’ लिहिलेलं असलं तरी काडतूस एक नाही: पिस्तुलाचं ७.६५ × १७ मिलिमीटरचं, आखूड, रिव्हॉल्व्हरचं ७.६५ × २३ मिलिमीटरचं, लांब. ‘माज्याकडे भावाची काडतुसा आसत’ असं सांगणारेही भेटतात. भावाची काडतुसं भावाच्याच परवान्यावर आणि भावाच्याच शस्त्रात. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये ‘निर्भीक’ नावाचं पाचशे ग्रॅम वजनाचं रिव्हॉल्व्हर खास स्त्रियांसाठी म्हणून काढलं, तेव्हा त्याची किंमत १,२२,३६० रुपये होती. इतके पैसे घातल्यावर माणसाला वाटतं की सुरक्षितता विकत घेतली. घेतलेली असते ती फक्त वस्तू.

आता मुख्य मुद्दा, आणि तो आपल्या मुलखाचा आहे. सिंधुदुर्गात बंदूक नवी नाही. रानडुक्कर आणि माकडं यांच्यापायी शेती संरक्षणाचे परवाने गावोगाव आहेत. ठासणीची किंवा काडतुसाची एकनळी बंदूक आपल्याकडच्या कित्येकांनी लहानपणापासून पाहिली आहे. काडतुसाची बंदूक मधोमध मोडायची, काडतूस काढायचं, नळीतून पलीकडचा उजेड दिसला की बंदूक रिकामी. ही सवय हातात मुरलेली आहे आणि त्या बंदुकीपुरती ती अगदी बरोबर आहे.

पिस्तुलात हीच सवय घात करते. पिस्तुलाच्या मुठीतून मॅगझिन खाली काढलं की हाताला वाटतं, काडतुसं काढली, झालं. पण एक गोळी आधीच चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, चढलेली असू शकते. मॅगझिन काढल्याने ती बाहेर येत नाही. ती काढायला स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढावी लागते आणि मग आत डोळ्याने पाहून, बोट घालून खात्री करावी लागते. क्रमही महत्त्वाचा आहे. आधी मॅगझिन, मग स्लाइड. उलट केलं तर चेंबरमधली गोळी बाहेर पडते खरी, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली दुसरी आत नेऊन ठेवते. माणूस ती बाहेर पडलेली गोळी हातात घेऊन निर्धास्त होतो.

माझ्या मावसभावाच्या घरी हेच झालं. त्याचा काजूचा आणि आंब्याचा व्यापार, परवाना रीतसर, पिस्तूल भारी किमतीचं, मोठ्या शहरातल्या दुकानातून आणलेलं. दुकानदाराने बिल दिलं, डबा दिला, उघडून दाखवण्यात दोन मिनिटंही घालवली नाहीत. चतुर्थीत घर भरलेलं होतं. मी पडवीत बसलो होतो. माजघरात कुणीतरी पिस्तूल बघायला मागितलं. भाऊ शिकार केलेला माणूस, बंदुकीला नवखा नव्हता. ‘घाबरू नको, ह्यां रिकामा आसा, मॅगझिन माज्या हातात आसा,’ हे त्याचे शब्द मला पडवीत ऐकू आले आणि मी उठून आत धावलो. उंबऱ्याशी पोचेपर्यंत बार झाला होता. गोळी फरशीवर आपटून फुटली आणि तिचा तुकडा चौदा वर्षांच्या भाच्याच्या नडगीत शिरला. मुलगा वाचला, चालतोही नीट. पण त्याच्या आईने आठ दिवस अन्न घेतलं नाही. पुढे पंचनामा, गुन्हा, पिस्तूल जप्त, परवाना का रद्द करू नये म्हणून नोटीस. भावाने ते पिस्तूल परत मागितलं नाही.

त्या घरात कानपूरचं .३२ मार्क ३ रिव्हॉल्व्हर असतं तर? त्याची घडण जुन्या वेब्ली अँड स्कॉटची. ते आपल्या एकनळीसारखंच मधून मोडतं. उघडलं की सहाही घरं समोर, काडतुसं एकदम वर उचलली जातात आणि रिकाम्या घरांतून उजेड दिसतो. भावाच्या हाताला जी सवय होती ती इथे त्याच्या कामी आली असती. लपून राहिलेली सातवी गोळी रिव्हॉल्व्हरमध्ये नसते. ‘प्रबल’ हे २०२३ मध्ये आलेलं रिव्हॉल्व्हर मोडत नाही, त्याचा सिलिंडर बाजूला उघडतो. तरी घरं डोळ्यांसमोर येतात ती येतातच. कोकणातल्या घरासाठी मी रिव्हॉल्व्हर सांगतो, त्याचं पहिलं कारण हे.

रिव्हॉल्व्हर निरुपद्रवी आहे, असं मात्र कुणी समजू नये. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायात स्वतःच्या परवान्यातल्या रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. कोलकात्याला निघताना रिव्हॉल्व्हर ठेवत असता हातातून निसटलं, असं त्यांच्या व्यवस्थापकाने सांगितलं. जुन्या घडणीच्या काही रिव्हॉल्व्हरांत घोडा थेट काडतुसावर टेकलेला राहतो आणि पडल्यावर बसणारा धक्का गोळी उडवायला पुरतो. घोड्याच्या आड येणारा अडसर तुमच्या शस्त्रात आहे का, हे विकत घेताना विचारा. नसेल तर घोड्याखालचं घर रिकामं ठेवा. सहाऐवजी पाच गोळ्या पुरतात. आणि प्रवासाला निघण्याच्या घाईत भरलेलं शस्त्र हाताळू नका. आधी रिकामं करा, मग काय ते आवरा.

गोळी चालली नाही तर काय, हाही प्रश्न आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये चाप पुन्हा ओढला की पुढचं काडतूस समोर येतं. पिस्तुलात अडकलेलं काढायला मॅगझिन ठोकून बसवणं, स्लाइड जोरात ओढणं हे हातांनी आपोआप करावं लागतं, आणि ते केवळ सरावाने येतं. मूठ सैल धरली तरी पिस्तूल अडकू शकतं. भ्यालेल्या माणसाची मूठ सैलच असते. उलट बाजूही सांगतो: रिव्हॉल्व्हर क्वचित अडतं, पण अडलं तर घरच्या घरी सुटत नाही. त्याचा चापही जड असतो. संधिवाताच्या बोटांना घोडा आधी मागे न ओढता तो ओढवत नाही. पण ज्याला चाप ओढवत नाही त्याला पिस्तुलाची स्लाइडही बहुधा ओढवत नाही.

नोकरीत पिस्तूल वापरलेला, नियमित रेंजवर जाणारा माणूस असेल तर त्याने पिस्तूल खुशाल घ्यावं. चपटं असतं, कपड्यांखाली नीट बसतं, चाप हलका, भरायला झटपट. सराव करणाऱ्याच्या हातात ते सरस आहे. पण मालवणात राहून सराव कुठे करणार? मुंबईला वरळीत महाराष्ट्र रायफल असोसिएशन आहे; आपल्यापैकी किती जण दर महिन्याला तिथे जातील? बागेत माडावर नेम धरून बार काढणं हा सराव नव्हे, तो गुन्हा आहे.

आता खारा वारा. समुद्रकाठी लोखंडाचं काय होतं हे मालवणच्या माणसाला सांगायला नको. इथल्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, त्याआधी नट-बोल्ट गंजल्याचं बांधकाम खात्याच्याच पत्रात आलेलं होतं. तिथे जे उघड्यावर घडलं ते कपाटात हळू घडतं. चामड्याच्या म्यानात शस्त्र कायम ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि लोखंड खातं. चामड्याच्या पट्ट्यातल्या काडतुसांवर हिरवा थर चढतो, तशी काडतुसं वापरू नका. सगळ्यात जास्त सांगावं लागतं ते खोबरेल तेलाबद्दल. आपल्याकडे कोयत्यापासून कुलपापर्यंत सगळ्याला खोबरेल. शस्त्राला ते लावू नका. ते चिकट होतं, थंडीत थिजतं, धूळ धरतं. बंदुकीचं पातळ तेल चिंधीने पुसून लावा, थेंब गळेल इतकं नको, आणि तेलकट हाताने काडतुसं धरू नका. पावसाळ्यात दर आठवड्याला शस्त्र रिकामं करून पुसा. तौक्ते वादळानंतर, मे २०२१ मध्ये, कित्येक घरं दिवसेंदिवस अंधारात आणि ओलीत होती; त्यानंतर माझ्याकडे आलेल्या एका पिस्तुलाची स्लाइड दोन्ही हातांनी हलत नव्हती. मालक म्हणाला, वादळाच्या रात्री ते उशाशी घेऊन झोपलो होतो.

निवडणुकीत शस्त्र जमा करण्याचा आदेश आला, तर ते पोलीस ठाण्यात जातं. २०२४ मध्ये तर लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका एकाच वर्षात आल्या. अशा वेळी घरी शस्त्र नसतंच. आणि परत मिळाल्यावर ते न तपासता भरून ठेवणं धोक्याचं.

मग शस्त्र कधी चालवायचं? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी बचावाची कलमं ३४ ते ४४ आहेत. त्यातलं ३७ वं कलम प्रत्येक परवानाधारकाने कुणाकडून तरी वाचून घ्यावं. पोलिसांची मदत मिळवायला वेळ असेल तर हा हक्क उरत नाही, आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. नारळ घेऊन पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घालणारा बागायतदार आरोपी होतो. लग्नात, मिरवणुकीत हवेत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यालाही शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

शस्त्र आपल्याच हातात राहील, हेही गृहीत धरू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा खून झाला, ते पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं असल्याचं पोलिसांनी सांगितलं. कपाटाची किल्ली खुंटीला टांगलेली असेल, तर ती सगळ्या घराची किल्ली आहे. आणि घरात कुणी खचलेलं असेल, नापास झालेला मुलगा असो, कर्जात बुडालेला भाऊ असो, बाळंतपणानंतर उदास झालेली सून असो, तर त्या घरात शस्त्र राहू देऊ नका. तेवढ्या काळासाठी ते कायदेशीर ठिकाणी जमा करा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

बागेतल्या त्या वयस्कर जोडप्यांना मी दोन्ही नको म्हणतो. अंगणात दिवा, दाराला आतून लोखंडी आडणा, शेजारच्या दोन तरुणांचे नंबर आणि ११२, एवढं आधी करा. सराफाला किंवा रोकड बाळगणाऱ्याला रिव्हॉल्व्हर. भिंतीत किंवा जमिनीत ठोकलेली कुलपाची तिजोरी असेल तरच. पिस्तूल फक्त सराव असलेल्याला.

दुकानात जाल तेव्हा घरातलं जे माणूस तुमच्या मागे त्या घरात असणार, बायको असो की मुलगा, त्याला बरोबर न्या. रिकामं पिस्तूल आणि रिकामं रिव्हॉल्व्हर दोन्ही त्यांच्या हातात द्यायला सांगा. स्लाइड ओढवते का, चाप ओढवतो का, आणि शस्त्र रिकामं आहे हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी ओळखता येतं का, ते बघा. दुकानदार घाई करू लागला तर न घेता परत या. शस्त्र विकत घ्यायला परवान्यावर दिलेली मुदत एका दिवसाची नसते.