पुरलेले मडके काळ सांगते

मंडळी, नांगरताना कधी खापरी वर येते. आपण ती बांधावर फेकतो. पण खापरी बोलते. कशी, ते आज पाहू.

पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथली जुनी पांढर पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील मंडळींनी १९६८ सालापासून खणली. घरांच्या भुईखाली पुरलेली माणसे निघाली. मूल दगावले, की दोन मडक्यांत ठेवीत आणि मडक्यांची तोंडे एकमेकांना लावीत. मोठ्या माणसाला आडवे निजवीत. जवळ भांडी ठेवीत. त्यांत तोटीचे भांडेही असे. रंग तांबडा, वर काळी नक्षी.

अशीच भांडी संगमनेर तालुक्यात जोर्वे गावीही निघाली होती. घडण एक, नक्षी एक. म्हणून काळही एकच. मग जुन्या कोळशाची परीक्षा झाली. कोळशातला एक अंश ठरावीक गतीने घटत जातो. किती घटला, त्यावरून वर्षे मोजतात. ही भांडी सुमारे २७०० ते ३४०० वर्षांपूर्वीची ठरली.

नागपूरजवळ माहुरझरीला दगडांच्या वर्तुळांखाली थडगी निघाली. त्यांत लोखंडी हत्यारे आणि घोड्याचा साज होता. जोर्व्याच्या लोकांची हत्यारे मात्र तांब्याची आणि दगडाची. म्हणजे लोखंडवाले नंतरचे.

आता एक नियम ध्यानात ठेवा. आजीचा तांब्या शंभर वर्षांचा असेल. पण त्यात गेल्या सालचे नाणे निघाले, तर तो पुरला कधी? गेल्या साली किंवा त्यानंतर. थडग्याचेही तसेच. सर्वांत नवी वस्तू पाहावी.

म्हणून वस्तू एकत्र राहिल्या पाहिजेत. मडके उचलले, मणी पोरांनी वाटून घेतले, हाडे विखुरली, की मग कुणालाच काळ सांगता येत नाही.

उंबरमाळीत विहीर खणताना, घराचा पाया काढताना असे काही दिसले, तर काय करावे? काम थांबवा. वस्तू जागच्या जागी ठेवा. हाडे दिसली तर पोलीस पाटलाला सांगा. तलाठ्यालाही कळवा. १८७८ सालचा कायदा आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचे पुरलेले धन सापडले, तर कलेक्टराला कळवावेच लागते. जो लपवील, त्याचा वाटा जातो आणि शिक्षाही होते.

आपल्या वाडवडिलांनी लिहून ठेवले नाही. त्यांची मडकीच त्यांची वही. ती आपण फोडू नये.

सांगा पाहू :
१. इनामगावात लहान मुलांना कसे पुरीत?
२. एका थडग्यात दगडी मणी आणि लोखंडी सुरी निघाली. काळ कशावरून ठरवाल?