खर्जाचा आवाज आणि त्याची मोहिनी

एखाद्याच्या गळ्याची स्तुति करावयाची झाली म्हणजे आपल्या लोकांच्या तोंडीं बहुधा एकच उद्गार येतो : "काय खडा आवाज आहे !" जो उंच पट्टींत सहज चढतो तो गवई, आणि ज्याचा सूर खालींच राहतो त्यानें टाळ धरावे, असा अलिखित नियम आमच्या खेड्यापाड्यांतून अजूनहि आढळतो. असें असतां हेमंतकुमारांचें गाणें रेडिओवर लागलें कीं तींच माणसें बोलतां बोलतां थांबतात. हा विरोध विचार करण्याजोगा आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहूं. खर्ज हा षड्ज शब्दाचाच अपभ्रंश होय. व्यवहारांत मात्र मंद्र सप्तकांतील खोल सुरांस आपण खर्ज म्हणतों. पाश्चात्त्य लोक पुरुषाच्या सर्वांत खालच्या आवाजास बेस व त्याच्या किंचित् वरच्यास बॅरिटोन म्हणतात. आपल्या लोकप्रिय गायकांपैकीं बहुतेक ढाल्या आवाजाचे गायक वास्तविक दुसऱ्या वर्गांतले. या लेखापुरती आम्ही दोहोंची एकच पंगत मांडली आहे.

उंच सुराची आवड आली कोठून ? तिचें उगमस्थान रंगभूमीवर व उघड्या पटांगणांत सांपडतें. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस 'संयुक्त मानापमान' नाटकाचा जो प्रयोग झाला, त्यांत केशवराव भोसले व बालगंधर्व एकाच रंगमंचावर उभे राहिले. त्या काळीं नाटकगृहांत ध्वनिक्षेपक नव्हता. नटाच्या गळ्यांतून निघालेला स्वर साथीच्या वाद्यांवरून तरंगत शेवटच्या रांगेपर्यंत स्वतःच्या बळावर पोंचावा लागे. खानदेशांतील वहीगायनाची गोष्टहि याहून निराळी नाहीं. उघड्यावर डफ कडकडत असतां गाणारानें सूर खालीं ठेवला, तर तो समोरच्या चार माणसांसहि नीट ऐकूं यावयाचा नाहीं.

येथें कोणी विचारील कीं, लग्नांतला ढोल तर शेजारच्या गांवीं ऐकूं येतो; मग खालचा सूर दूर जात नाहीं असें कसें ? शंका रास्त आहे. दोष हवेचा नव्हे. खालचे ध्वनि हवा चांगले वाहून नेते. अडचण गळ्याची आणि कानाची आहे. ढोलाचें कातडें हातभर रुंद असतें, तर पुरुषाच्या स्वररज्जूंची लांबी अवघी दोन सेंटिमीटरांच्या आसपास असते. त्या सावकाश कंप पावूं लागल्या म्हणजे त्यांतून निघणारें बळ थोडें. शिवाय मनुष्याचा कान सेकंदास तीन-चार हजार कंपनांच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असून, शंभर कंपनांच्या सुराविषयीं तो बराच मंद असतो. फ्लेचर व मन्सन या शास्त्रज्ञांनीं १९३३ सालीं हा फरक मोजून प्रसिद्ध केला.

डिसेंबर १९३६ मध्यें फैजपुरास राष्ट्रसभेचें अधिवेशन भरलें. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, आणि खेडेगांवांत भरलेलें तें पहिलेंच अधिवेशन होय. अशा अफाट समुदायापुढें बोलण्यास ध्वनिक्षेपक वापरण्याची वहिवाट देशांत त्याच सुमारास पडत होती. वक्त्यास आरोळी ठोकण्याचें कारण उरलें नाहीं; तो घरांत बोलावें तसें बोलूं लागला. गायकाचेंहि नेमकें असेंच झालें. १९२५ पूर्वीं तबकडी भरावयाची म्हणजे कर्ण्याच्या तोंडाशीं ओरडून गावें लागे. त्या वर्षापासून विद्युत्-यंत्रानें ध्वनिमुद्रण होऊं लागलें. १९२७ सालीं मुंबईचें रेडिओ-केंद्र निघालें, १९३१ मध्यें 'आलमआरा' व १९३२ मध्यें मराठींतील 'अयोध्येचा राजा' हे बोलपट आले. अवघ्या सात-आठ वर्षांत गायक आणि श्रोता यांच्यामधलें अंतर शंभर हातांवरून वीतभर झालें.

या वीतभर अंतरांत एक शास्त्रीय खुबी आहे. विशिष्ट दिशेचाच आवाज घेणारा जो ध्वनिग्राहक, त्याच्या अगदीं जवळ तोंड नेऊन गायिलें म्हणजे सुरांतील खालचे अंश तो मूळच्याहून अधिक बळानें टिपतो. त्यामुळें जात्याच ढाला असलेला आवाज अधिकच भरून येतो, आणि कोणी आपल्या शेजारीं बसून हलक्या सुरांत मनांतलें सांगत आहे, असा भास होतो. 'देवदास' (१९३५) मधील सैगल यांचें गाणें लोकांनीं जें उचलून धरलें, त्याचें मर्म आमच्या मतें हेंच. तें गाणें सभेस उद्देशून नव्हतें. ऐकणाऱ्या एकेकट्यासाठीं होतें.

मराठींत भावगीत हा प्रकार याच यंत्रयुगांत वाढला. इंदुरास जन्मलेले अरुण दाते (१९३४–२०१८) यांनीं मंगेश पाडगांवकरांचें 'शुक्रतारा' श्रीनिवास खळे यांच्या चालींत गायिलें, तेव्हां त्यांत कोठेंहि गळा ताणलेला नव्हता. हेमंतकुमार तर जन्मानें बंगाली. तरीहि शांता शेळके यांच्या 'मी डोलकर' या गीतांत हृदयनाथ मंगेशकरांनीं त्यांचा खोल आवाज लताबाईंच्या तारस्वराशेजारीं ठेवला, आणि जणूं गलबताखालचें पाणीच बोलूं लागलें. पुढें 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) या चित्रपटांत त्याच संगीतकारानें त्यांस आशाबाईंबरोबर गाऊं दिलें. मराठी उच्चारांत बंगाली वळण किंचित् डोकावतें खरें, पण तें कोणास खुपत नाहीं.

केवळ जवळीक हेंच मात्र मोहिनीचें कारण नव्हे. तंबोऱ्याची शेवटची तार पितळेची व जाड असते; तिलाच खर्जाची तार म्हणतात. तंबोरा चांगला लागला असतां त्या एका तारेंतून, कोणी न छेडतां, वरचा गांधार आपोआप उमटतो. याचें कारण असें कीं, कोणताहि सूर एकटा नसतो. सेकंदास शंभर कंपनांचा सूर लावला म्हणजे त्याबरोबर दोनशें, तीनशें, चारशें अशीं उपस्वरांची रांगच उभी राहते. आतां हिशेब करून पाहावा. तीन हजार कंपनांपर्यंत या सुराचे तीस अंश मावतात; तीनशें कंपनांच्या उंच सुराचे मात्र दहाच. म्हणून खालचा आवाज कानास भरदार लागतो. स्वरवर्णांचा भेदहि या उपस्वरांच्या कमीअधिक बळावरून कळत असल्यानें, त्यांची रांग दाट असेल तेथें शब्द अधिक स्पष्ट उमटतात. फार उंच सुरांत 'आ' आणि 'ओ' यांतला फरक पुसट होतो. भावगीताचा जीव शब्दांत असतो. त्यास ढाला आवाज मानवला यांत नवल नाहीं.

रशियाचा शाल्यापिन (१८७३–१९३८) याच्यासारखे ऑपेरा-गायक ध्वनिक्षेपकावांचून मोठमोठीं नाट्यगृहें खर्जानें भरून टाकीत. दीर्घ तालमीनें, कान तीक्ष्ण असतो त्याच भागांतले उपस्वर बळकट करून, असे गायक वाद्यवृंदांतून वाट काढतात. आपल्याकडे आग्रा घराण्याचे फैयाजखां व इंदूरचे अमीरखां यांनीं खोल आवाजाचें वैभव ख्यालांत दाखविलें. अमीरखांचें मंद्र सप्तकांतलें गायन 'बैजू बावरा' (१९५२) सारख्या चित्रपटामुळें सामान्य जनांच्याहि कानीं पडलें.

फैजपुरास अधिवेशन भरलें त्याच १९३६ सालीं 'शो बोट' या अमेरिकन बोलपटांत पॉल रोबसन यांनीं मिसिसिपी नदीवरचें गीत गायिलें. रोबसन हे निग्रो समाजांतले. त्यांचे वडील गुलामगिरींतून पळून आलेले व पुढें धर्मोपदेशक झालेले. त्या गीतांतला खर्ज ऐकतांना नदी वाहते कीं पिढ्यान्‌पिढ्यांचें दुःख वाहतें, हें ठरवितां येत नाहीं. न्यूयॉर्क येथें शिकत असतां भूपेन हजारिका यांचा रोबसनशीं परिचय झाला, आणि त्याच प्रेरणेनें त्यांनीं आसामींत नदीस प्रश्न विचारणारें आपलें गीत रचलें. हिंदींत तेंच गीत गंगेच्या नांवानें सर्वत्र पोंचलें. आम्हां तापीकांठच्या लोकांनीं तें एकदां तरी लक्षपूर्वक ऐकावें.

आतां आमच्या विद्यार्थिमित्रांकडे वळूं, कारण हा विषय निघण्याचें खरें कारण तेच आहेत. बारा ते पंधरा वर्षांच्या दरम्यान मुलाचा कंठ फुटतो. स्वररज्जू लांबतात, कंठमणि पुढें येतो, आणि आवाज सुमारें एक सप्तक खालीं उतरतो. काल प्रार्थनेंत पुढें उभा राहणारा मुलगा आज घोगरा झाला म्हणून मागें पाठविला जातो, आणि पुष्कळदां तो पुन्हां कधींच गात नाहीं. मुलींच्या सोयीनें पेटीवर काळी चार धरली, तर त्यास खालीं तळ लागत नाहीं व वर शिखर गांठतां येत नाहीं; मग तो गप्प बसतो किंवा किंचाळतो. ख्रिस्ती उपासनेंतील चार आवाजांच्या गायनांत खालच्या आवाजास स्वतःची निराळी ओळ असते, त्यामुळें अशा मुलास तेथें घालवून देण्याऐवजीं मुद्दाम शोधून आणतात. आपल्या पद्धतींत सर्वांचा षड्ज एक, म्हणून ही सोय नाहीं.

मुलींच्या बाबतींतहि एक उदाहरण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. हुबळीच्या गंगूबाई हनगल (१९१३–२००९) यांच्या आरंभींच्या तबकड्यांत, त्यांतील जी. एन. जोशी यांच्याबरोबरच्या मराठी गीतांतहि, आवाज बारीक व उंच आहे. पुढें घशाच्या विकारामुळें व त्यावरील उपचारानें तो पुरुषासारखा जाड झाला. त्याच जाड आवाजानें त्यांनीं पुढें अनेक दशकें मैफली जिंकल्या.

उलट, हल्लीं कांहीं मुलें हनुवटी छातीस लावून, गळा दाबून, नसलेला खर्ज काढतात, तें मात्र टाळावें. त्यानें आवाज खोल होत नाहीं, फक्त घसा बसतो. ज्याचा कंठ नुकताच फुटला असेल त्यानें सकाळीं, न ताणतां, तोंड मिटून गुणगुणावें. जेथें सूर आपण होऊन स्थिर राहतो ती पट्टी पेटीवर शोधून वहींत लिहून ठेवावी, आणि दर दोन-तीन महिन्यांनीं पुन्हां पाहावी, कारण वर्ष-दोन वर्षें ती सरकत राहते. गायनशिक्षकांनीं अशा मुलांस पांढरी एक, किंवा त्याहूनहि खालची पट्टी, देऊन पाहण्यास हरकत नसावी.