मंडळ चालते कशावर?

माझे गाव रामाकोना, कन्हान नदीकाठचे. तेथे आम्ही मित्रांनी टेनिसचे मैदान आखले : लांबी ७८ फूट, दुहेरीसाठी रुंदी ३६ फूट, जाळे मध्यभागी ३ फूट उंच. हौस पुष्कळ होती. पण किल्ली, वही व वर्गणी ही तिन्ही माझ्याचकडे. परीक्षेसाठी मी नागपुरास गेलो आणि दोन महिन्यांत मैदानावर गवत माजले. दोष गावाचा नव्हे, माझाच.

तेव्हा उमगले की, स्वयंसेवकांचे मंडळ सुरू होते उत्साहाने, पण टिकते कामाच्या वाटणीवर. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापिले. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. संस्थापकांच्या मागेही ते उभे आहे. एकाच्या खांद्यावरचा भार अनेकांनी उचलल्यावाचून हे घडत नाही.

म्हणून तीन नियम सांगतो. किल्ल्या दोघांकडे असाव्यात. पाणी मारणे, रोलर फिरविणे व चुन्याने रेषा आखणे यांच्या पाळ्या लावाव्यात. जमाखर्च दरमहा सर्वांसमोर वाचावा. यंदा किल्ली माझ्याकडे नाही, आणि खेळ चालू आहे.