'गारंबीचा बापू' : प्रेम, दौलत आणि जिद्द

(श्री. ना. पेंडसे (१९१३–२००७) यांचा जन्म दापोली तालुक्यातील मुर्डी या गावी झाला. त्यांनी मुंबईत 'बेस्ट'मध्ये नोकरी केली. पण त्यांच्या अनेक कादंबऱ्यांत कोकणातील माणसे भेटतात. 'रथचक्र' या कादंबरीसाठी त्यांना १९६३ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. प्रस्तुत पाठात त्यांच्या 'गारंबीचा बापू' (१९५२) या कादंबरीची ओळख करून दिली आहे.)

आपल्या कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून कोकणात जाणाऱ्या गाड्या सुटतात. तुमच्यापैकी काहींचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात असेल. सुट्टीत तुम्ही तिकडे जातही असाल. त्याच भागातील एका तरुणाची ही कथा आहे.

बापू हा गरीब घरातला मुलगा. गावात सत्ता अण्णा खोतांची. खोत म्हणजे कोण? कोकणात सरकारच्या वतीने शेतसारा वसूल करणाऱ्यांना खोत म्हणत. कुळे त्यांना दबून असत. ही पद्धत बंद व्हावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. १९४९ च्या कायद्याने ती रद्द झाली. अशा खोतांसमोर बापू मान खाली घालत नाही. कादंबरीतला पहिला संघर्ष तो हा.

दुसरा संघर्ष प्रेमातून उभा राहतो. चहाच्या दुकानातल्या राधेवर बापूचे प्रेम जडते. गावाला हे नाते मान्य नाही. गाव त्यांच्याकडे पाठ फिरवते. तरी बापू राधेचा हात सोडत नाही, आणि राधाही डगमगत नाही.

तुम्ही उर्दूत 'कशमकश' म्हणता, त्याला मराठीत 'संघर्ष' म्हणतात. 'फिजा' या शब्दासाठी मराठीत 'वातावरण' हा शब्द आहे. या कादंबरीत दोन्ही एकमेकांत मिसळले आहेत. नारळी-पोफळीच्या वाड्या, समुद्राचा वारा आणि कोकणी वळणाची बोली यांमुळे गाव डोळ्यांसमोर उभे राहते. अशा लहान गावात काहीच लपून राहत नाही. कोण कुणाच्या दारात गेले, हे संध्याकाळपर्यंत सर्वांना कळते. चाळीत किंवा गल्लीत राहणाऱ्या तुम्हांला हे वेगळे सांगायला नको! म्हणूनच बापूचे आणि राधेचे एकटेपण वाचकाला जाणवते.

आता एका शब्दाकडे नीट पाहा. उर्दूत 'ज़िद' म्हणजे हट्ट. हाच शब्द मराठीत 'जिद्द' झाला आणि त्याचा अर्थ बदलला. मराठीत जिद्द म्हणजे हार न मानण्याचा निश्चय. गारंबीच्या लोकांना बापूची 'ज़िद' दिसते; वाचकाला मात्र त्याची 'जिद्द' दिसते. माणूस तोच, वागणेही तेच. फरक पाहणाऱ्याच्या नजरेत आहे.

पुढे बापू सुपारीच्या व्यापारात पडतो आणि श्रीमंत होतो. ज्याला गावाने दूर लोटले, त्यालाच गाव मान देऊ लागते. अमेरिकन लेखक फिट्झजेराल्ड यांच्या 'द ग्रेट गॅट्सबी' (१९२५) या कादंबरीचा नायकही गरीब असतो. प्रेयसी परत मिळावी म्हणून तो संपत्ती जमवतो. पण ती त्याला मिळत नाही. बापूचे उलट आहे. त्याला प्रेम आधी मिळते, दौलत नंतर येते. हातात काही नसतानाच राधेने त्याला आपले मानलेले असते.

मग गाव नमते ते कुणापुढे? बापूच्या जिद्दीपुढे, की त्याच्या पैशापुढे? बापू गरीबच राहिला असता, तर गावाने त्याला आपले म्हटले असते का? बापू बदललेला नाही. त्याची परिस्थिती बदलली आहे. राधेने माणूस पाहिला, गावाने दौलत पाहिली. आपणही एखाद्याला 'सलाम' किंवा 'नमस्कार' करताना नेमके काय पाहतो, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

शब्दार्थ
शेतसारा – जमिनीवरील सरकारी कर. कूळ – दुसऱ्याची जमीन कसणारा शेतकरी. पोफळ – सुपारीचे झाड. डगमगणे – मन अस्थिर होणे. पाठ फिरवणे – संबंध तोडणे.

स्वाध्याय
१. खोत कोणाला म्हणत?
२. 'ज़िद' आणि 'जिद्द' या शब्दांच्या अर्थांत काय फरक आहे?
३. बापू आणि गॅट्सबी यांच्यातील एक साम्य व एक फरक लिहा.
४. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत आढळणारे पाच शब्द शोधा. त्यांचे अर्थ सारखे आहेत का, ते पाहा.
५. 'माणसाचा मान पैशावर ठरू नये' या विषयावर आठ ओळी लिहा.