रिकामी दिसणारी जागा

अगं, काल फोनवर तू एका दमात सांगून टाकलंस, यंदा आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालणार म्हणून. झोपायचं काय, असं विचारलं तर म्हणालीस, "महाशिवरात्रीला मार्कंड्याला वाळूत झोपलेच ना, ताई!" तेव्हा घरात जेवणं चालली होती, म्हणून काही बोलले नाही. आता निवांत बसले आहे, तर ऐक. वारीत पायाला आलेले फोड चार दिवसांत बसतात. पण रात्री पाठ टेकायला धड जागा नसली, की पाचव्या दिवशी बाई परतीची एसटी शोधायला लागते. मी ती शोधलेली आहे.

मार्कंड्याची रात्र वेगळी गं. चामोर्शीपासून जवळ, आपली माणसं, आपली बोली. वैनगंगा तिथे उत्तरेकडे वळते, पात्र एवढं ऐसपैस की जिथे चटई टाकशील ती तुझी जागा. वाळूला मालक नाही. पहाटे वाळू गार पडते, एवढाच काय तो त्रास. वारीचं तसं नाही. सुमारे 250 किलोमीटरची वाट, अठरा-वीस दिवस, आणि जवळजवळ रोज नवं गाव. वाल्हे, तरडगाव, बरड, भंडीशेगाव ही काही शहरं नव्हेत. अशा गावात एका रात्रीत लाखो माणसं उतरतात. शाळा, देवळं, पार, गोठे, ओसऱ्या, सगळं भरतं आणि तरी माणसं उरतात.

मी पहिल्या वर्षी एकटीच गेले. वारीत कोणाला कोण विचारतं, माऊली सगळ्यांची सोय लावते, असं ऐकून गेले होते. पुण्यात दोन रात्री काही वाटलं नाही, एका घरात आम्हा दहा-बारा बायांना त्यांनी हॉल मोकळा करून दिला होता. मग पुणे ते सासवड. वारीतला सगळ्यांत दमवणारा दिवस तो, 30 किलोमीटरच्या वर चाल आणि मधे दिवेघाट. पोचले तेव्हा अंधार पडला होता. एक अंगण दिसलं, स्वच्छ झाडलेलं, सडा घातलेलं, एकही माणूस नाही. मला वाटलं, देवच पावला. सतरंजी टाकली आणि डोळा लागला. नऊ वाजता ट्रक आला, तंबूचे बांबू उतरले आणि एका म्हाताऱ्या बाबांनी हात जोडून सांगितलं, "बाई, ही आमच्या दिंडीची जागा. आमच्या आज्यापासून आम्ही इथंच उतरतो." त्यांचं काही चुकलं नव्हतं. घरवाल्यांनी अंगण झाडून ठेवलं होतं ते त्यांच्यासाठी.

तुला सांगायची खरी गोष्ट हीच. वारीच्या वाटेवर रिकामी दिसणारी जागा रिकामी नसते. कोणती दिंडी कोणत्या गावात कोणाच्या वाड्यात, कोणाच्या मळ्यात उतरते, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं असतं. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला शिस्त लावून दिली, ती चालण्यापुरती नाही. मुक्कामालाही ती आहे. माऊलींच्या रथापुढे 27 दिंड्या आणि मागे शेकडो, प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला, तशीच तळावरची जागाही ठरलेली. तिथे पैसे जास्त मोजून किंवा भरभर चालून जागा मिळत नाही. तू कोणाची आहेस, त्यावर मिळते.

म्हणून दिंडीत नाव घाल. आपल्या भागातल्या भजनी मंडळांत विचार, दरवर्षी जाणारं कोणी ना कोणी सापडतंच. त्यांच्यामार्फत दिंडीप्रमुखांशी बोल. भिशी किती, त्यात दोन वेळचं जेवण आणि मुक्काम दोन्ही आहे का, सामान ट्रकमध्ये जातं का, बायांची राहुटी वेगळी आहे का आणि एका राहुटीत किती जणी, हे सगळं तोंडाने विचार. विचारायला लाजू नको. बायांचं कोण बघतं, हेही विचार. ज्या दिंडीत या प्रश्नाला लगेच एका बाईचं नाव सांगतात, तिथे जा. जिथे "होईल सगळं" म्हणतात, तिथे जाऊ नको.

मी मात्र त्या वर्षी सासवडनंतरही एकटीनेच पुढे रेटलं होतं. वाल्ह्यानंतर एका घरी गच्चीवर झोपायचे माणशी पैसे आधी घेतले. मध्यरात्री पाऊस आला तेव्हा जिन्याचं दार आतून बंद. आम्ही सात-आठ जणी ताडपत्री डोक्यावर धरून पहाटेपर्यंत उभ्या होतो. त्या दिवशी लोणंदला मी एसटी स्टँड कुठे आहे ते विचारलं. ज्या बाईला विचारलं ती परभणीकडची, साठीच्या पुढची. तिने आधी माझं गाव विचारलं. चंद्रपूर म्हटल्यावर म्हणाली, "चांद्याची व्हय? आमची महाकाली तुमच्यापाशी." चैत्रात ती लहानपणापासून आपल्याकडे यात्रेला यायची, झरपट नदीच्या काठाला झाडाखाली उतरायची. मला स्टँड दाखवलं नाही. हाताला धरून तिच्या राहुटीत नेलं, घोंगडी उलगडली आणि म्हणाली, पाय दुमडून झोप, दोघी मावू. पंढरपूरपर्यंत मी त्याच घोंगडीवर झोपले. भिशी द्यायला गेले तर दिंडीप्रमुखांनी उरलेल्या दिवसांचीच घेतली.

आता राहुटीतलं सांगते. एकेका राहुटीत वीस-पंचवीस जणी असतात, कूस बदलायची तर शेजारणीला सांगून बदलावी लागते. दाराजवळची जागा सगळ्या टाळतात, कारण रात्रभर पाय लागतात. तू तीच घे. पहाटे उठायला सोपी आणि हवा येते. मात्र जमिनीचा उतार आधी बघ, पाणी जिकडे वाहील तिकडे डोकं नको. पावसाचं चिन्ह दिसलं तर राहुटीभोवती चर मारायला लाग, कोणी सांगायची वाट बघू नको. वळकटीत एक सतरंजी, एक पातळ चादर आणि खाली टाकायला प्लास्टिक, बास. गादी-उशीचा सोस नको. वळकटीला बाहेरून लाल किंवा पिवळ्या कापडाची पट्टी शिवून टाक, कारण ट्रकमधून एकसारख्या दोनशे वळकट्या उतरतात आणि अंधारात आपली ओळखू येत नाही. पैसे, औषधं, ओळखपत्र आणि एक कोरडं पातळ अंगाबरोबरच्या पिशवीत. ट्रक रात्री दहालाही येतो.

आणखी एक. आपण जंगलाकडची माणसं. मार्कंड्याला जाताना उजाडल्याशिवाय पाऊल बाहेर टाकत नाही, वाघाच्या भीतीने गटागटानेच चालतो, रानाच्या कडेला मुक्काम करत नाही. ते इथे अगदी बरोबर आहे आणि पुढच्या वर्षीही तसंच कर. पण वारीत त्या सवयीने झोपलीस तर फसशील. तिथे बाया तीनला उठतात. अंधार असेपर्यंत संडास आणि आंघोळ उरकली नाही, तर नंतर रांग आणि लाज दोन्ही. 2015 पासून निर्मल वारीमुळे फिरती शौचालयं आली, पूर्वीचे हाल राहिले नाहीत. तरी पहाटे एकटी जाऊ नको, शेजारणीला उठव, ती रागावत नाही. आठलाच आडवी होत जा. भजन कितीही रंगलेलं असो, पहिले चार दिवस उठून ये. आणि पाळी आली तर गप्प बसून सोसत चालू नको. राहुटीतल्या मोठ्या बाईला सांग, तिने असल्या किती वाऱ्या पाहिलेल्या असतात.

पंढरपुरात गेल्यावर वेगळाच घोळ. मठ, धर्मशाळा, भक्त निवास, एकादशीच्या आधी कुठेच पाय ठेवायला जागा नसते. चंद्रभागेपलीकडे 65 एकरांवर दिंड्यांना जागा नेमून देतात. तुझी दिंडी तिथे असेल तर तिथेच राहा, एकटीने गावात खोली शोधत फिरू नको. पदस्पर्शाच्या बारीत तासन् तास जातात, तेव्हा वळकटी दिंडीत ठेवूनच बारीला लाग. द्वादशीला उपास सोडून बहुतेक लोक परततात. तुला सुट्टी असेल तर एक-दोन दिवस मागे राहा. जिथे उभं राहायला जागा नव्हती तिथे चांगली पथारी पसरून झोपता येतं आणि देवळातही मन निवांत होतं.

त्या परभणीच्या मावशींच्या गावचे लोक अजून चैत्रात येतात. ऊन तुला माहीतच आहे, दुपारी नदीकाठी सावली पुरत नाही. आमच्या ओसरीवर मी पाण्याचे माठ भरून ठेवते आणि बायांना उतरायला सांगते. यंदा तूही ये. पौर्णिमेच्या आधी दोन दिवस ये, ओसरीवर सात-आठ जणी असतील, त्यांच्यातच तुझी सतरंजी टाकू. त्यांतल्या तिघी-चौघी दरवर्षी वारीला जातात. त्यांच्या दिंडीचा नंबर तिथेच घे आणि दिंडीप्रमुखांना माझ्यासमोर फोन लाव. ज्येष्ठ उजाडेपर्यंत थांबलीस तर यादी भरलेली असेल.

तुझी ताई